गळ्यापर्यंत माती

चिटणीसबाई चष्म्याच्या दुकानातल्या उंच खुर्चीत बसून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत होत्या. बारीक ओळीला अडखळल्या आणि वेळ काढायला म्हणून सहज म्हणाल्या, "उद्या दादांचं झाड जाहीर होतंय. तुम्हाला केवढा आनंद झाला असेल!"

ठिणगीच्या हातातली काच हातातच राहिली.

"कुठलं झाड?"

"अहो, चिकूच्या भाऊबंदांतलं ते, पिवळ्या फळाचं. बीपासून वाढवलंय म्हणे त्यांनी. गाजावाजा न करता एवढी वर्षं सांभाळलं, कमाल आहे हो तुमच्या भावाची!"

"कमाल आहे खरी," ठिणगी म्हणाली आणि बाईंच्या नाकावर चाचणीची चौकट अशी दाबून बसवली की बाई कळवळल्या.

ठिणगी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी वडिलांनी ठेवलेलं ते लाडाचं नाव, आणि पन्नाशी उलटली तरी तिने ते खोटं पडू दिलं नव्हतं. चष्म्याचं दुकान ती एकटी चालवायची. गिऱ्हाइकाने डोळे बारीक करून ‘दिसतंय, दिसतंय’ म्हटलं, की ‘दिसत असतं तर इथे कशाला आला असतात?’ असं तोंडावर विचारायची. तरी माणसं तिच्याकडेच यायची, कारण तिने दिलेला नंबर चुकत नसे.

तिचं दुसरं वेड म्हणजे फळमंडळ. बाजारात न मिळणारी, उष्ण मुलखातली फळझाडं बीपासून वाढवणाऱ्या खुळ्या लोकांचा हा गोतावळा; चिटणीसबाई त्याच्याच. घरात पाऊल ठेवायला जागा नसते, पण खिडकीत, जिन्यात, न्हाणीघरात रोपं. कोणाकडे नवं पान फुटलं की बाकीचे बाळ बघायला आल्यासारखे येतात. मंडळाचे नियम दोनच, पण दगडावर कोरल्यासारखे. एक, कोणाच्या झाडाचं फळ खाल्लं तर बी खिशात घालायची नाही, झाड वाढवणाऱ्याच्या ताटलीत परत ठेवायची. मग त्याला वाटेल त्याला तो देईल. आणि दुसरा, उभ्या झाडाखाली सगळ्यांनी फळ चाखलं की ज्याने ते बीपासून वाढवलं त्याने त्या वाणाला नाव द्यायचं. कलमाला नाव नाही. कलम म्हणजे दुसऱ्याच्याच झाडाची फांदी, बीपासून आलेलं झाड मात्र जगात पहिल्यांदा आलेलं असतं. या नावापायी मंडळातली माणसं केस पिकेपर्यंत थांबायची.

आता या पिवळ्या फळाची खरी गोष्ट ऐका, म्हणजे ठिणगीच्या डोक्यात काय पेटलं ते कळेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी जहाजावर काम करणारा एक माणूस जवळचा चष्मा करायला तिच्या दुकानात आला होता. चष्मा घालून पहिल्यांदा स्वतःच्या हातावरच्या रेषा स्पष्ट दिसल्या तेव्हा तो इतका खूश झाला, की पिशवीतून एक फळ काढून त्याने तिच्यापुढे ठेवलं. दूरच्या बंदरावर घेतलेलं, नाव त्यालाही माहीत नव्हतं. तिने ते तिथेच कापलं. आत मऊ, खरवसासारखा गर आणि दोन बिया. चकचकीत तपकिरी, आणि एका कडेला लांबट, फिका, खरबरीत डाग. भिंगाखाली तो डाग बघताच ती ओरडली होती, "चिकूचं भावंड!" चिकूच्या कुळातल्या बीची खूण तीच.

अशा बिया वाळल्या की मेल्या. मंडळात नव्याने आलेला प्रत्येक जण ही चूक करतो. बिया स्वच्छ धुतो, उन्हात खडखडीत वाळवतो, बरणीत भरून वर चिठ्ठी लावतो आणि वर्षभर मढी सांभाळतो. ठिणगीने तसं केलं नाही. चष्म्याच्या रिकाम्या डबीत ओला काथ्या घातला, त्यात बिया निजवल्या आणि डबी काचा घासायच्या यंत्रावर ठेवली. यंत्र दिवसभर कोमट असायचं. उष्ण मुलखातल्या बीला पाण्यापेक्षा ऊब जास्त लागते. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना ती मध्येच उठून डबी उघडून बघायची.

दोन्ही उगवल्या. एक रोप तिने दुकानामागच्या मोकळ्या जागेत लावलं आणि दुसरं मोठ्या भावाला, दादाला दिलं. दादा दातांचा डॉक्टर. मंडळातही होता, पण नावापुरता. त्याचं रोप त्याच्या बागेत एका कोपऱ्यात पाण्यावाचून खुरटत पडलं. ठिणगीचं मात्र वाढलं. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे हुंगेसर म्हणत कारण ते दिसेल ते पान चुरगाळून हुंगत, त्यांनी त्याचं पान मोडलं, पांढरा चीक बघितला, हुंगलं आणि म्हणाले, "तुझं बरोबर आहे. पण कुठलं भावंड, ते फळ आल्यावर सांगेन."

पहिलं फळ आलं तेव्हा आई होती. दुकानाच्या मागच्या दारात खुर्ची टाकून बसायची. तिचे सगळे दात दादाने काढले होते आणि कवळी ती रागाने डब्यातच ठेवायची. त्या बहराची मोजकीच फळं, ती सगळी आईने खाल्ली. ठिणगीने चमच्याने भरवली. आई म्हणाली, "माझ्या तोंडाकडे बघून केलंय गं हे फळ." पुढच्या बहराला मंडळाला बोलवायचं, झाडाला आईचं नाव द्यायचं, असं ठिणगीने तेव्हाच ठरवलं.

पुढचा बहर आलाच नाही. आई गेली, आणि मग घरमालकाला गाड्या लावायला जागा हवी झाली. ठिणगी भांडली, रडली, घरमालकाच्या दारात जाऊन बसली. जागा त्याची होती. झाड तोडायच्या आदल्या दिवशी तिने फळलेल्या फांदीच्या काड्या कापल्या, दादाच्या बागेत गेली, ते खुरटलेलं रोप बुंध्यापाशी छाटलं, कलमाची पाचर मारली, काडी बसवली, पट्टी बांधली. तिच्या हातची ती एकच काडी जगली. तेवढंच उरलं होतं त्या झाडाचं.

आणि ते म्हणे दादाने बीपासून वाढवलं!

चिटणीसबाईंना वाटेला लावून तिने दुकानाला कुलूप घातलं आणि तडक दवाखाना गाठला. दादा एका गृहस्थांच्या तोंडात हात घालून उभा होता.

"दादा, झाड कोणी वाढवलं?"

"ठिणगे, पेशंट आहे."

"असू दे. तोंड त्यांचं उघडं आहे, कान नाही दुखत त्यांचे. झाड कोणी वाढवलं?"

खुर्चीतल्या गृहस्थांनी घाबरून डोळे मिटून घेतले. दादाने हातातलं अवजार खाली ठेवलं.

"हे बघ, मूळ माझ्या रोपाचं आहे की नाही? ते बीपासूनच आलं होतं. मग खोटं काय त्यात?"

"बी कोणाची? आणि वरची फांदी कोणाची? फळ मुळाला लागतं का रे?"

"तुझं झाड आहे का आता? नाही ना? उभं झाड लागतं, नियम आहे." मग त्याने आवाज खाली आणला. "ऐक तरी. मी त्याला आईचं नाव देतोय. तुला तेच हवं होतं ना? तू तोंड उघडलंस तर कलम म्हणून बाद होईल. तुलाही नाव नाही, मलाही नाही, आईलाही नाही. मग बस हात चोळत."

त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं, आणि म्हणूनच ठिणगीला जास्त चीड आली. चोरी करायची ती करायची, आणि वर आईला पुढे उभी करायची! लहानपणी खाऊ पळवला की हा असाच आईच्या पदराआड जायचा. टक्कल पडलं तरी खोड गेली नाही. दार आपटून ती बाहेर पडली. ते आपटणंसुद्धा फुकट गेलं, कारण दवाखान्याचं दार आपोआप हळू मिटणारं होतं.

रात्रभर ती धुमसली आणि सकाळी मनाशी ठरवलं, गप्प बसायचं. आईसाठी. एक दिवस जीभ चावून बसायला काही कोणी मरत नाही.

दुसऱ्या दिवशी दादाच्या बागेत अख्खं मंडळ जमलं होतं. खुर्च्या मांडल्या होत्या, सरबत फिरत होतं. वहिनीने फाटकातच तिचा हात धरला.

"वन्सं, आजच्या दिवस सांभाळून घ्या हो. सगळे गेल्यावर मी बघते त्यांच्याकडे."

"मी काही बोलणार नाही, वहिनी. शप्पथ."

आणि खरंच ती बोलली नाही. दादा भाषणाला उभा राहिला तरी बोलली नाही. "माझ्याकडे एक खलाशी आला होता, अक्कलदाढ दुखत होती त्याची," दादा सांगत होता, "दात काढल्यावर खुशीने त्याने मला एक फळ दिलं. मी बिया ओल्या काथ्यात घातल्या आणि अवजारं उकळायच्या भांड्याजवळ ठेवल्या. ऊब हवी ना!" लोकांनी कौतुकाने माना डोलावल्या. ठिणगीचं झाड फळलेलं मंडळात कोणी पाहिलंच नव्हतं, मग शंका येणार कोणाला? म्हणजे याने झाडच नाही, तिचा खलाशीसुद्धा पळवला होता! तिची डबी, तिची ऊब, सगळं उचलून दवाखान्यात नेऊन मांडलं होतं. दात काढलेला माणूस खुशीत फळं वाटतो, हे तरी पटावं का कोणाला? ठिणगीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पण तिने ओठ मिटून घेतले आणि नजर झाडाकडे वळवली.

आणि मग ती झाडाकडे बघतच राहिली.

झाड फळांनी लगडलं होतं. काडीकाडीला पिवळी फळं, एकावर एक. "काय धरलंय!" असं जो तो म्हणत होता. पण फळं लहान होती. फांद्यांचे शेंडे उघडे पडले होते. पानं पिवळट, शिरांपाशी तेवढी हिरवी, आणि वारा नसताना गळत होती. इतकं मरणाचं फळणं ठिणगीने आधी पाहिलं होतं. मरायला टेकलेलं झाड आपल्यामागे काहीतरी राहावं म्हणून असंच अंगात असेल नसेल तेवढं फळात ओततं.

तिची नजर खाली आली. बुंध्याभोवती नवा गोल कट्टा. फरशा लावलेला, गुडघ्याइतका उंच, काठोकाठ मातीने भरलेला, वर शोभेची फुलझाडं. पाटी बसवायला पुढच्या बाजूला जागासुद्धा सोडली होती.

पाचर तिने बुंध्यापाशी मारली होती, जमिनीपासून वीतभर वर. तो सांधा आता त्या मातीखाली होता.

तिला सगळं एकदम कळलं. सांधा दिसू नये म्हणून याने झाड पुरलं होतं. गळ्यापर्यंत. वर फुलांना रोज पाणी पडत होतं आणि खाली साल ओलीचिंब होऊन कुजत होती. ती पुढे झाली, कट्ट्यातली मूठभर माती उचलून तिने नाकाशी धरली. आंबूस, कुबट वास.

दादा भाषण संपवून घाम पुसत होता. ती त्याच्या कानाशी गेली. "दादा, ही माती काढ. आत्ताच्या आत्ता. झाड मरतंय."

"वेडी का तू? एवढं फळलंय."

"म्हणूनच सांगतेय. साल कुजलीय खाली. नाव दे, पाटी लाव, मी काही म्हणत नाही. पण उद्या तरी माती काढशील? वचन दे."

दादाने आजूबाजूला पाहिलं. "उद्या कसं? पाटी बसली की लोक बघायला येत राहणार. सांधा दिसेल ना. राहू दे गं, झाडं काय एवढी नाजूक नसतात."

बस्स. आदल्या दिवशी त्याने तिची मेहनत चोरली, तिने गिळलं. खलाशी चोरला, तेही गिळलं. पण आपलं खोटं झाकायला म्हणून एका जिवंत झाडाचा गळा दाबून ठेवायचा, त्यावर फुलं लावायची आणि त्याला आईचं नाव द्यायचं? आईचं नाव, आणि ते कुजत्या झाडाला?

"वहिनी," ती मोठ्याने म्हणाली, "खुरपं कुठे आहे?"

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं. वहिनी मंडळात नव्हती. पण त्या फुलांना रोज पाणी तीच घालायची, आणि झाडाची पानं झाडून तीच काढायची. ती पायरीमागून खुरपं घेऊन आली.

ठिणगीने ठेवणीतली साडी खोचली, कट्ट्यावर चढली आणि गुडघ्यांवर बसून माती उपसायला लागली. फुलझाडं उपटून बाजूला फेकली. एक हुंगेसरांच्या बुटावर पडलं.

"अहो, काय चाललंय हे?" चिटणीसबाई किंचाळल्या.

"ठिणगे, उतर खाली!" दादाने तिचा दंड धरला. "लोक बघतायत!"

"बघू देत! बघायलाच बोलावलंयस ना?" तिने दंड सोडवून घेतला. "हात लावशील तर याद राख."

माती फरशीवर पडत होती. सरबताचे पेले तसेच हातात धरून माणसं पुढे सरकली. बुंधा उघडा पडत गेला, आणि मग दिसला तो सांधा. बुंध्याभोवती जुन्या जखमेसारखा गाठाळ वळसा. खाली साल खरबरीत, वर गुळगुळीत. या मंडळींना कलम ओळखायला भिंग लागत नाही.

कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "कलम आहे." मग दुसरं कोणी, मग कुजबुज सुरू झाली. "म्हणजे बीपासून नाहीच." "म्हणजे दादा..." सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या. दादा फुलांच्या ढिगाकडे बघत उभा.

ठिणगी ताडकन उठली. हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले.

"सांधा काय बघताय!" ती कडाडली. "कलम आहे, हो, मी केलंय! माझ्या झाडाची काडी आहे ती, याच्या रोपावर मीच बांधली. कळलं? झालं समाधान? आता खाली बघा. खाली!" तिने अंगठ्याने साल दाबली. साल ओल्या कागदासारखी सुटून आली, आत काळपट तपकिरी. "झाडांची माणसं म्हणवता ना तुम्ही? पानं पिवळी पडलीत, शेंडे वाळलेत, आणि तुम्ही फळं मोजत टाळ्या वाजवताय! एकाला तरी दिसलं? चष्मे मीच दिलेत ना रे तुम्हाला?"

हुंगेसर पुढे आले, कष्टाने वाकले आणि साल हुंगली. बराच वेळ वाकूनच राहिले. मग त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि हातांनीच माती उपसायला लागले. ते बघून आणखी दोघं पुढे झाले. कोणी फरशा उचकटल्या, चिटणीसबाईंनी पर्समधला चाकू काढून दिला. कुजलेली साल खरवडून काढली. बुंध्याच्या एका बाजूला, मागच्या अंगाला, हातभर साल अजून हिरवी होती.

"वेळेत उघडलंस," हुंगेसर म्हणाले. "वाचेल बहुतेक. फळं मात्र सगळी उतरवा, भार नको त्याला." मग चष्मा पुसत, तिच्याकडे न बघता म्हणाले, "नाव मात्र देता येणार नाही, पोरी. उभं आहे ते कलम. तुझं झाड होतं ते मी बघितलंय, पान हुंगलंय त्याचं. पण चाखायला आम्ही कोणी नव्हतो."

"माहितीय मला," ठिणगी म्हणाली. "खुरपं मागायच्या आधीपासून माहितीय." आईचं नाव गेलं होतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने उकरून फेकलं होतं.

फळं उतरवली. टाकून थोडीच द्यायची? वहिनीने ती धुतली, कापली आणि वाटली. माणसं अवघडून उभ्या उभ्या खात होती. मऊ, खरवसासारखा गर. टेबलावर दादाच्या खुर्चीपुढे बियांची ताटली मांडलेली होती, वहिनीने सकाळीच ठेवलेली.

पहिले हुंगेसर आले. तोंडातली बी त्यांनी बोटांत घेतली, दादाच्या ताटलीजवळून चालत कट्ट्यापर्यंत आले आणि कडेला बसलेल्या ठिणगीच्या चिखलाच्या ओंजळीत ठेवली. मग चिटणीसबाई आल्या. मग बाकीचे, एकामागून एक. तिची ओंजळ तपकिरी, ओल्या, चकचकीत बियांनी भरली. वहिनीने आपला चष्मा काढला, त्याची डबी रिकामी केली आणि तिच्यापुढे धरली.

दादा सगळ्यात शेवटी आला. त्याच्या हातात एकच बी होती. ती त्याने पुढे केली.

"घे," तो म्हणाला.

ठिणगीने त्याच्याकडे पाहिलं. राग अजून तसाच होता. पुढे कित्येक महिने तो जाणार नव्हता, आणि घालवायची तिला घाईही नव्हती. तिने त्याची मूठ धरली आणि ती बी त्याच्याच तळहातावर मिटवून टाकली.

"ही तुझी तू लाव," ती म्हणाली. "आणि माती बेताने घाल."